पानवाल्या बाईचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कुणालाही म्हणजे — बाबांना नाही, मैत्रिणींना नाही, आणि ज्या ब्लॉगवर दर रविवारी मी तुमच्याशी मोकळेपणानं बोलते असा माझा समज होता, तिथं तर अजिबात नाही. परवा दुपारी अकोल्यात एका माणसाला सांगितलं. तो ऐकायचा पहिला हक्कदार होता. तुम्ही दुसरे.

कबुली द्यायला बसलेल्यानं मान खाली घालावी अशी रीत आहे. मला ती जमत नाही. मला माझ्या ब्लॉगचा अभिमान आहे — आजही, हे लिहितानाही. राजापेठेत शिकवणीवर्गात आठवी-नववीला विज्ञान शिकवणारी मी. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेची पायरी चढले नाही. भाड्याच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल, खाली दिवसभर स्कूटरींचे हॉर्न, आणि हातात ब्रश. दोन वर्षांपूर्वी ब्लॉग सुरू केला तेव्हा वाचक अकरा होते, त्यातले चार नात्यातले. तरी मी एकही रविवार चुकवला नाही. तापात असतानासुद्धा अंथरुणात बसून औषधाच्या बाटलीचं चित्र काढलं आणि टाकलं. पुण्या-मुंबईच्या कुणी येऊन पाठ थोपटावी म्हणून मी कधी वाट पाहिली नाही. आमच्या वऱ्हाडातली माणसं, आमचा बाजार, आमची उन्हं — हे आम्हीच काढायचं, आम्हीच दाखवायचं. हे मला तेव्हाही वाटत होतं, आताही वाटतं.

पहिली नोंद जुन्या वाचकांना आठवत असेल. मी तिला जाहीरनामा म्हटलं होतं. 'इथं उसनं काही नाही. रेघ माझी, रंग माझा, चूक माझी. ज्या समाजात राबणाऱ्याचं नाव त्याच्या कामावर लिहिलं जात नाही, तिथं मी राबणाऱ्यांची चित्रं काढणार आहे.' किती जणांनी ती वाक्यं पुढं पाठवली होती! मी स्वतः ती कितीदा वाचली, ते सांगत नाही.

ही भाषा कुठून आली, ते सांगायला हवं. माझे बाबा अकोल्यात एका शाळेत लिपिक होते. शाळा सुटली की ते कामगारांच्या एका लहानशा संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकले ते 'बंधू-भगिनींनो' पासून. गुलाबी, पिवळ्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पहिली चित्रं काढली. आणि बाबांचा एक हट्ट होता. पत्रकाच्या तळाशी ते सगळ्यांची नावं घालायचे — मजकूर कुणाचा, टाइप कुणी केलं, छापलं कुणी, मोर्च्याचं बॅनर रंगवलं कुणी. संघटनेतली माणसं वैतागायची. कुणीतरी एकदा म्हणालंही, "गुरुजी, आता पाणी पाजनाऱ्याचं बी नाव टाका." बाबांनी खरंच टाकलं. पुढच्या पत्रकात शेवटची ओळ — 'पाणी: शांताबाई.' त्या पत्रकाची एक प्रत शांताबाईंनी घरात देवाजवळ लावली होती. मी पाहिली आहे.

मला हे सगळं माहीत होतं, एवढंच सांगायचं आहे. अजाणतेपणी काही झालं नाही.

त्या तळच्या ओळीत एक नाव नेहमी असायचं — 'बॅनर: यासीन पेंटर'. यासीनचाचांचं दुकान जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं. अर्ध्या अकोल्याच्या दुकानांवरच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. दवाखाने, पिठाच्या गिरण्या, लग्नाचे बँड, बैलबाजाराच्या वाटेवरची कडब्याची दुकानं. बाबांची आणि त्यांची दोस्ती बॅनरवरून जमली आणि मग बॅनर संपले तरी राहिली. फ्लेक्स आलं. एका रात्रीत नाही आलं, हळूहळू आलं, आणि चाचांच्या हातचं काम हळूहळूच गेलं. आता त्या दुकानात त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. चाचा बाहेर खुर्ची टाकून बसतात. बाबा रोज सकाळी शेजारच्या खुर्चीवर. दोघांच्या मध्ये एक वर्तमानपत्र आणि न संपणारं भांडण.

पेंटर लोकांची एक रीत मी लहानपणापासून ऐकत आले. बोर्ड ज्याचा, सही त्याची. समजा एखाद्या पेंटरला घोडा जमला नाही, चेहरा जमला नाही, तर तो दुसऱ्याला बोलावतो. दुसरा येतो, घोडा काढतो, चहा पितो आणि जातो. तो सही करत नाही — दुसऱ्याच्या बोर्डावर सही करणं वाईट. पण मग ज्याचा बोर्ड त्यानं तोंडानं सांगायचं. गिऱ्हाईक म्हणालं, "वा, घोडा मस्त झाला," की लगेच सांगायचं, "घोडा यासीनचा आहे." न सांगणारा पेंटर त्यांच्यात बसायच्या लायकीचा राहत नाही. लिहिलेलं कुठंच नाही. पण चाचा सांगायचे की एका पेंटरनं असं केलं, तर आयुष्यभर त्याला कुणी घोडा काढून दिला नाही.

आता चित्राकडं येते. येतेच आहे.

मागच्या वर्षी हिवाळ्यात मी अंजनगाव सुर्जीला गेले होते, पानबाजारात. तिथं विड्याची पानं मोजणारी एक बाई पाहिली. ओल्या फडक्यावर पानांची चळत, आणि तिचा अंगठा — तो मोजत नव्हता, तो धावत होता. मी तिथंच बसून तीन रेखाटनं केली. बाई म्हणाली, "मले काढून राहिली का पानाले?" मी म्हटलं, दोघांना. "मंग पान नीट काढ. माह्या तोंडाचं काही खरं नाही." आजूबाजूच्या बाया हसल्या. मला ती बाई फार आवडली.

राजापेठेतल्या खोलीत मी ते चित्र मोठं केलं. लुगडं जमलं. चेहरा जमला — अर्धा पदराआड, पण जमला. पानं तर अशी हिरवी झाली की मीच खूश. हात जमेना. महिना गेला. कधी तो हात केळीच्या घडासारखा दिसायचा, कधी मोजा घातल्यासारखा. खरवडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खरवडलं. शेवटी एका सुट्टीत चित्र कापडात गुंडाळून अकोल्याला नेलं. कशासाठी नेलं? चाचांना दाखवायला — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

चाचांनी चित्र दुकानाच्या पायरीवर उभं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बाई जिंदा आहे. हात मेला." बाबा मोठ्यानं हसले. मला राग आला. मी म्हटलं, मी आलुबोंडे घेऊन येते, आणि बाबांना घेऊन कोपऱ्यावर गेले. रंग, ब्रश, पाण्याचा डबा — सगळं तिथंच चित्राशेजारी उघडं ठेवून. चाचा ब्रश उचलतील हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. आज मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मी रंग उघडे ठेवले.

पाऊण तासानं परत आलो तर चाचा हात पुसत बसले होते. आणि चित्रात — अंगठा धावत होता. बोटांच्या सांध्यावरची काळसर सुरकुती, ओल्या फडक्यानं पांढरी पडलेली नखं, पानाच्या देठावरचा तो हलका दाब. मी महिनाभर जे शोधत होते ते तिथं होतं. बाबांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही, ते आलुबोंड्याची पुडी सोडत होते. चाचा मला एवढंच म्हणाले, "घे. सुकू दे." बस. सही नाही. रीतीप्रमाणं.

माझ्या कामाची सुरुवात आता होत होती. तोंडानं सांगायचं काम.

रविवारी मी चित्र टाकलं. 'पानवाली, अंजनगाव सुर्जी.' त्याखाली माझं नाव, नेहमीसारखं ठळक. त्या एका दिवसात जितकी माणसं ब्लॉगवर आली तितकी त्याआधीच्या सगळ्या वर्षात आली नव्हती. आणि सगळ्यांनी एकाच गोष्टीवर लिहिलं. लुगड्यावर कुणी नाही, पानांवर कुणी नाही. 'तो हात!' 'ताई, हात पाहून आईची आठवण आली.' 'हा हात काढणाऱ्या हाताला सलाम.' मी प्रत्येकाला उत्तर दिलं. धन्यवाद. मनापासून धन्यवाद. प्रत्येक वेळी बोटांखाली कळफलक होता आणि एक वाक्य लिहायला पुरेशी जागा होती — हात यासीनचाचांचा आहे. तीन शब्द. मी ते एकदाही टंकले नाहीत.

इथंच थांबले असते तर? थांबले नाही.

पुष्कळ वाचकांनी विचारलं की हात कसा काढता, शिकवा. मी शिक्षिका. शिकवायला सांगितलं की मी फुलते. पुढच्या रविवारी मी नोंद लिहिली — 'हात कसा काढावा'. आधी पेन्सिलीनं बाह्यरेषा, मग सावली, मग सुरकुत्या, सगळ्यात शेवटी नखं. पायरी पायरीनं, आकृत्या काढून. सगळं बनवलेलं. तो हात कसा झाला ते मी पाहिलंच नव्हतं, मी आलुबोंडे आणायला गेले होते. त्या नोंदीच्या शेवटी मी लिहिलं, 'ज्ञान लपवून ठेवणं ही मक्तेदारी आहे. मी माझं ज्ञान वाटते.' हे वाक्य मी हसत लिहिलं नव्हतं. मला ते लिहिताना ऊर भरून आला होता. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

बाबांनी ती नोंद छापून घेतली आणि चाचांच्या दुकानासमोर बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. लेकीचं पत्रक — असं ते म्हणाले. दुपारी मला फोन आला. आवाजात असा आनंद की जणू मोर्चा जिंकून आले.

"पुरं वाचून दाखवलं यासीनले."

मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हने, चांगलं लिहते पोरगी. पन तिले सांगजा, नखं पयले घ्या लागते. नखं बसले का बोटं त्याच्या मांगून येते. बाहेरची रेघ तं हाताले नसतेच."

बाबा हसत होते. "पाह्य, म्हतारा अजून मास्तरकी करते!"

मी फोन ठेवला आणि नोंद उघडली. चाचांनी मला पकडलं नव्हतं. त्यांनी फक्त चूक दुरुस्त केली होती, म्हणजे माझ्यामागं येणाऱ्या पोरापोरींचे हात तरी मरू नयेत. मी नोंद दुरुस्त केली का? नाही. दुरुस्त केली असती तर कुणीतरी विचारलं असतं, ताई, मागच्या वेळी वेगळं कसं लिहिलं होतं? ती चुकीची नोंद आजही तिथं आहे. सगळ्यात जास्त वाचली गेलेली तीच.

आणि हेही ते नाही. हे सांगायला मी इतका वेळ घेतला नसता. खरी गोष्ट पुढं आहे.

उन्हाळ्यात मला एक पत्र आलं. बार्शीटाकळीजवळच्या एका गावातल्या वाचनालयाच्या सचिवांचं. साधं, अदबीनं लिहिलेलं. त्यांनी वाचनालयाला नवी खोली बांधली होती. रस्त्याकडची समोरची भिंत वीस फूट लांब, बारा फूट उंच, पूर्वेकडं तोंड. त्या भिंतीवर त्यांना हात हवे होते. फक्त हात. कापूस वेचणारा, चाक बसवणारा, भाकर थापणारा, सुई ओवणारा. 'आमच्या गावात पुतळे कुणाचे लावायचे यावर भांडणं होतात,' त्यांनी लिहिलं होतं, 'हातांवर होणार नाहीत. तुम्ही पानवाल्या बाईचा हात काढला, तसे हात आम्हाला काढून द्याल का?'

चाचांनी बाबांना किती वेळा सांगितलं होतं, मी लहान असल्यापासून ऐकत आले — जिंदगीभर दुसऱ्याचे बोर्ड रंगवले, एक भिंत पाहिजे. नुसती भिंत. दुकान नाही, भाव नाही, फोन नंबर नाही. जे दिसते ते काढायचं. "मरायच्या पयले एक भिंत दे मालिक," असं ते गमतीत म्हणायचे आणि बाबा म्हणायचे, "तुले कबरीची देईन." दोघंही हसायचे. मी पण.

ते पत्र त्यांचं होतं. पत्त्यावर नाव माझं होतं, पण पत्र त्यांचं होतं. मला फक्त पुढं द्यायचं होतं.

मी घाबरले. भिंतीसमोर उभी राहिले तर सगळं उघडं पडणार. आणि चाचांचं नाव सांगितलं तर जाहीरनामा, सलाम, आकृत्या — सगळंच खोटं ठरणार. मग मी काय केलं? जे मला सगळ्यात चांगलं येतं ते केलं. तत्त्व काढलं. त्याच दिवशी उत्तर पाठवलं. ते माझ्याकडं जपून आहे, त्यातलं एक अक्षर बदलत नाही: 'आपल्या पत्राबद्दल आभार. पण मी चित्रकार आहे, भिंती रंगवणारी पेंटर नाही. मागणीनुसार रंगवलेला बोर्ड आणि कला यात फरक असतो, आणि तो फरक जपणं मी माझं कर्तव्य समजते.'

वाचलं? पेंटर नाही, असं मी लिहिलं. त्या माणसाच्या हातावर नाव कमावून, त्याची भिंत परत पाठवताना, त्याच्या धंद्याचं नाव मी शिवीसारखं वापरलं. कामगारांच्या पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं.

सचिवांचं उत्तर आलं. 'ठीक आहे ताई. काही चुकलं असेल तर माफ करा.'

दिवाळीत मी त्या रस्त्यानं बसमधून गेले. वाचनालय दिसलं. भिंतीवर फ्लेक्स होतं, कुणाच्या तरी वाढदिवसाचं. त्याच सुमारास बाबा म्हणाले की यासीनचा उजवा हात थरथरायला लागला आहे. कपसुद्धा आता दोन्ही हातांनी धरतो. डॉक्टर म्हणतात, वय.

दोन वर्षं मी अभिमानानं लिहिलं, आणि मला अभिमान सोडायचा नाही. मला या गोष्टीचा अभिमान आहे की आमच्या अकोल्यात एका मोबाइलच्या दुकानाबाहेर असा एक माणूस बसतो, ज्यानं पाऊण तासात मेलेल्या चित्रात जीव घातला. त्याचा अभिमान मी आधीच बाळगायला हवा होता, उघड, नाव घेऊन. तो मी माझ्या नावाखाली दाबून ठेवला. आजपासून चित्राखाली लिहिलं आहे — हात: यासीन पेंटर, अकोला. ही दुरुस्ती आहे. भरपाई नाही, हे मला कळतं. 'हात कसा काढावा' ही नोंद मी काढून टाकलेली नाही. तिच्या वर लिहिलं आहे की ती खोटी आहे आणि का.

परवा मी अकोल्याला गेले. बाबा बँकेत गेले होते. मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि चाचांना सगळं सांगितलं. हाताचं, नोंदीचं, पत्राचं. मी पाठवलेलं उत्तर फोनवरून जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'पेंटर नाही' हे शब्दसुद्धा. ते रस्त्याकडं पाहत ऐकत होते. हाताबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तो त्यांनी कधीच सोडून दिला होता, असं मला वाटतं. त्यांनी विचारलं,

"भिंत केवढी होती?"

मी म्हटलं, वीस बाय बारा.

"ऊन कोन्या बाजूनं?"

मी म्हटलं, पूर्वेकडं तोंड आहे, सकाळचं ऊन.

त्यांनी मान हलवली. डाव्या हातानं उजवा धरून ठेवला होता. मग विचारलं, "पलस्तर कसं होतं? चिकनं का खरबरीत?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"पाह्यली नाही?"

"नंतर, बसमधून. नाही म्हणायच्या आधी मी भिंत पाहायला गेलेच नाही, चाचा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं — पहिल्यांदाच — आणि मग पुन्हा रस्त्याकडं. समोरून स्कूटरी जात होत्या. आतून त्यांच्या मुलानं विचारलं, "अब्बा, चाय मंगाऊं?" चाचा म्हणाले, "एकच मंगव."

मी उठले आणि स्टँडकडं चालत निघाले.